गाय आडवी आली

पंचनाम्यात कारणासाठी एकच ओळ होती.
हवालदार पेन झटकत होता, शाई उतरत नव्हती,
मेव्हणा कानाशी लागला: गाय लिही.
गाय सगळ्यांना पटते.

मी गाय लिहिली.
रंग विचारला, तर तांबडी म्हणालो.

आठ दिवसांनी वीजखात्याचं पत्र:
खांब एक, सिमेंटचा. तार. चिनीमातीच्या वाट्या.
माणसं चार, शिडीची गाडी अर्धा दिवस.
मग पंचायतीचं:
सांडलेलं ऑइल, त्यावर भुसा दोन पोती,
ढासळलेला गडगा, चिरे सत्तावीस,
क्रेन मडगावहून, जाऊन येऊन.
खाली बेरीज, बेरजेखाली तीच रक्कम अक्षरी,
आकड्यांपेक्षा लांब,
कागदाच्या कडेला आपटून दुसऱ्या ओळीत वळलेली.
तिला वळता आलं.

विमा कंपनीचा माणूस समजूतदार निघाला.
गाडीचं आम्ही बघू, खांबाचंही बघू,
जनावर मोकाट होतं ना?
मग तुमची चूक अर्धीसुद्धा नाही.

लोटलीत त्या वळणाच्या आसपास तांबड्या गायी किती?
पंचायतीने चौकशी केली. एकच निघाली.
कुश्टा गावड्याची, दोन वेतांची, डावं शिंग वाकलेलं.
त्याच्या दाराला नोटीस डकवली:
जनावर मोकाट सोडल्याबद्दल,
आणि साफसफाईच्या खर्चातला अर्धा वाटा.

हे मला ठाऊक नव्हतं.
मी रविवारी गेलो होतो नुसता गडगा बघायला.
एस्परान्स मिसाहून येऊन बलकांवावर बसली होती,
पाय सुजलेले, सपाता बाजूला काढून.

"काच मी काढली," ती म्हणाली,
"पहाटे साडेचारला, बॅटरी दातांत धरून.
सातला पोरं इथूनच शाळेला जातात.
भुसा आला दुसऱ्या दिवशी दुपारी. एकच पोतं."

मी म्हटलं, काय झालं, की ती गाय...

"गाय? खंयची गाय?"

आवाज चढवला नाही तिने.
"गुडघ्यापायी मी रात्रभर जागीच असते.
तुझे दिवे सरळ आले.
वळण आलं, ते वळले नाहीत.
निजला होतास, बाबा."

झोप. दोनच अक्षरं.
त्या ओळीत मावली असती.
गायही दोनच अक्षरांची होती, म्हणून तर बसली.

पैसे काढले तर तिने हात मागे घेतला.
मग थोडा विचार करून म्हणाली,
"खराटा दे एक. माडाच्या हिरांचा.
माझा ऑइलात भिजून गेला.
प्लास्टिकचा आणशील, तर परत पाठवीन."

सोमवारी ठाण्यावर गेलो.
हवालदार म्हणाला, तुमची गाय आता तीन फायलींत आहे,
काढायची तर तीन अर्ज.
विम्याचा माणूस एका वाक्यात परका झाला.
मेव्हणा बोलत नाही. बायको बोलते, पण हिशेबापुरतं.
खांबाचे हप्ते सव्वा वर्ष चालतील.
चिरे मी स्वतः नेऊन टाकले, सत्तावीस नव्हे, एकतीस,
चार गाडीतच फुटले होते.

कुश्टाकडे जायला मात्र आणखी दहा दिवस घेतले.
तो धार काढत होता. मान वर केली नाही.
मी सगळं सांगितलं: पेन, मेव्हणा, रंग.
चरवीत दुधाचा आवाज एकसारखा पडत राहिला.

"माका कित्याक सांगता?" तो म्हणाला. "तिका सांग."

मी गोठ्यात वाकून उभा राहिलो.
तिने माझी बाही हुंगली, 
शिंकली,
आणि पुन्हा वैरणीत तोंड घातलं.
दारावर नोटीस तशीच होती.
खालचा एक कोपरा मात्र फाटलेला,
ओला, 
चावलेला.